इलिओची ओळ

वाळुंजाची एक काडी, वाळून कडक झालेली, तरी वळण न सोडलेली... मेलेल्या नवऱ्याच्या कोटाच्या खिशात बोटांना ती लागली तेव्हा नीव्हेसला आधी वाटलं, पेन्सिल. इलिओच्या खिशात पेन्सिल! याच काड्यांनी तो जन्मभर द्राक्षवेली तारेला बांधत आला, फेब्रुवारीत, समुद्रावरचा वारा कान कापत असताना, आणि उरलेली एखादी काडी खिशात टाकायचा. कशाला? मी कधी विचारलं नाही. आता कोट कुणाला तरी देऊन टाकायचा होता, आणि संध्याकाळपर्यंत फोस्कोला थडग्यावर कोरायला ओळ.

या गावात माणूस मेला तरी कवीच्या तावडीतून सुटत नाही. तो लहानपणी इथं चार उन्हाळे काय राहिला, त्याच्या घराचं संग्रहालय झालं, त्याच्या ओळी भिंतींवर चढल्या, बाटल्यांवर चिकटल्या, पावाच्या पिशव्यांवर छापल्या गेल्या, आणि शेवटी थडग्यांवर. नावाखाली एक ओळ पाहिजेच. फोस्को पाथरवट, कवितेतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण कोळ्यांना समुद्राची, बायकांना गुलाबाची आणि मळ्यात राबणाऱ्यांना ‘थकला हात मातीतून पुन्हा उगवेल’... एवढं पक्कं. हात उगवतो म्हणे. कांदा आहे का तो?

सकाळी नीव्हेस त्याच्याकडे गेली तेव्हा फोस्को दगडाच्या भुकटीनं भुवयांपर्यंत पांढरा झालेला. “मृतांचा दिवस आला तोंडावर,” तो म्हणाला. “सगळं गाव फुलं घेऊन वर दफनभूमीत येणार, आणि तुझा नवरा तेवढा मुका. अगं, कवीच्या घरात पाहुण्यांना ओळी ऐकवण्यात तुझा जन्म गेला. दे की त्यातली एक झकास.”

“कवीची नको. इलिओचीच कोर. त्याच्या तोंडची.”

हे ती ठरवून बोलली नव्हती. निघून गेलं तोंडातून.

“बरं. सांग.”

नीव्हेस आठवू लागली. मीठ दे. दार लाव. वारा सुटलाय... एका माणसाबरोबर तीस वर्षं झोपले, उठले, आणि त्याचं एक वाक्य हाताला लागू नये? “तो बोलायचाच कुठं,” ती म्हणाली.

“कोण, इलिओ?” फोस्कोनं छिन्नीच खाली ठेवली. “बारमध्ये त्याला गप्प करायला पत्ते वाटावे लागायचे! कवी लिहितो ना, मळ्यात मजूर गात होते... तर तुझा इलिओ टेबलावर मूठ आपटायचा. म्हणायचा, माझा आजा गात नव्हता रे, खोकत होता. वेलींवर गंधक मारून मारून.”

“मला हे कधी बोलला नाही.”

“तुला कोण बोलणार, बाई? तू त्या कवीच्या घरची.”

“मग हेच कोर.”

“पाद्री माझी छिन्नी मोडेल, आणि डोकंही. संध्याकाळी सांग. नाहीतर मी आपला तो उगवणारा हात कोरतो.”

दुपारी कवीच्या घरात मिलानची मंडळी, वाइन चढून गाल लाल झालेली. खिडकीपाशी उभं राहून नीव्हेसनं नेहमीची कविता म्हटली, मजुरांच्या गाण्याची. खाली गल्लीत नव्या वाइनचा आंबूस वास भरून राहिलेला, आणि जिभेच्या टोकावर ते दुसरंच, खोकत होता, खोकत होता... ते बाहेर काढायला एक श्वास पुरला असता. तिनं कविता पुरी केली. एका बाईनं डोळे पुसले. तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. तिच्या का पण? माझ्याच.

घरी आली. खुर्चीच्या पाठीवर कोट. बाह्या लोंबणाऱ्या, कोपराशी वाकलेल्या. पाव कापला, खारवलेली मासळी काढली, नळ सोडला... आणि नळाच्या आवाजाबरोबरच ते आठवलं. पाठमोरा इलिओ, नखांतली माती घासणारा, मान न वळवता:

“मग, आज काय म्हणाला तुझा कवी?”

रोज. रोज संध्याकाळी! लग्नानंतर पहिले काही दिवस तिनं हौसेनं ओळी म्हणून दाखवल्या. तो नखं घासत राहिला. टोमणाच मारतोय, असं ठरवून एकदा ती म्हणाली, “तुला काय कळायचंय त्यातलं.” तरी तो विचारत राहिला. दवाखान्यात, खाटेवरून, आवाज अर्धाच उरलेला तेव्हाही — मग, आज काय म्हणाला... तिनं उशी सारखी केली होती फक्त.

टोमणा असेल. असेलच. पण एकच टोमणा माणूस तीस वर्षं मारतो? का त्याला माझ्याशी बोलायला दुसरी वाटच ठाऊक नव्हती — आणि मी ती रोज संध्याकाळी, जेवायच्या आधी, बंद करत होते... आता कोण सांगणार. दगडावर हे कसं कोरायचं? लोक हसतील. इलिओ हसेल का?

खाली फोस्कोची ठोकठोक थांबली. वाट बघत असेल.

नीव्हेसनं त्याच्या त्या रोजच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तोंड उघडलं. हजार ओळी पाठ, झोपेतून उठवलं तरी म्हणेल, एकही येईना. नळ वाहत होता. ओट्यावर ठेवलेली ती काडी उचलून तिनं पाण्याखाली धरली — ओली झाली की वळते, एवढं तिला ठाऊक होतं.

“काही नाही म्हणाला,” ती कोटाकडे न बघता म्हणाली. “तू सांग. आज तू काय म्हणालास?”

आणि नळ न बंद करता ती ऐकत राहिली.