काळजीवाल्यांच्या खोलीत कात्री

मदतगटाच्या दोन खोल्या होत्या, दोन्ही ऑनलाइन. एकीत कॅन्सरचे रुग्ण, दुसरीत त्यांची काळजी घेणारी घरची माणसं. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही, हा गटाचा पहिला नियम. खरं नाव कुणी लावत नसे. ती कपडे शिवायची म्हणून रुग्णांत ‘कात्री’. नवरा बस चालवायचा म्हणून काळजीवाल्यांत ‘स्टिअरिंग’. घरात टॅब मात्र एकच.

गुरुवारी सकाळी नवरा आंघोळीला गेला होता. तिने टॅब उघडला आणि खातं कुणाचं ते न बघताच लिहिलं : “चौथ्या केमोनंतर बोटांची टोकं बधिर झालीत. सुई ओवता येत नाही. दुकान पुन्हा उघडायचंय. काही उपाय?”

मिनिटाभरात उत्तर आलं. “स्टिअरिंगराव, बस सोडून शिवायला बसलात की काय?”

आता तिचं लक्ष वर गेलं. खातं नवऱ्याचं होतं. नियमाप्रमाणे तिथेच बाहेर पडायला हवं होतं. ती मागचे निरोप वाचत गेली. काल नवऱ्याने लिहिलं होतं : “तिच्या दुकानाच्या किल्ल्या शनिवारी मालकाला परत करतोय. तिला सांगितलेलं नाही. सांगू का?” चौदा उत्तरं होती. त्यातली बारा म्हणत होती, एवढ्यात नको, खचेल बिचारी.

एकोणीस वर्षं ती ते दुकान चालवत होती.

तिने लिहिलं, “मी स्टिअरिंग नाही, त्यांची बायको. खचलेली नाही, भडकलेय.”

लगेच गट सांभाळणाऱ्या निवृत्त नर्सचा निरोप आला. “रुग्णांनी इथे यायचं नसतं. कृपया बाहेर पडा.”

“माझ्या दुकानावर मतं घेतलीत तेव्हा बाहेरच होते. आता उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही.”

“कसलं उत्तर?”

“सुई कशी ओवायची?”

एका रुग्णाच्या मुलीने लिहिलं, “डोक्याला खाच असलेल्या सुया मिळतात. दोरा वरून दाबला की आत बसतो. माझी आई त्याच वापरते. आणि बोटावर अंगुस्तानाची टोपी घालाच, बधिर बोटाला टोचलेलं कळत नाही.”

“आभार. ‘एवढ्यात नको’ म्हणणाऱ्या बारा जणांनी आपापल्या माणसाला विचारून बघा.”

नवरा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. तिने टॅब त्याच्यासमोर धरला. त्याने उभ्या उभ्या सगळं वाचलं.

“अगं, तुला त्रास नको म्हणून...”

“किल्ल्या कुठायत?”

“बोटं सुधारायला कित्येक महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. कदाचित पूर्ण सुधारणारही नाहीत.”

“मलाच म्हणाले ते. बोटं माझी होती. किल्ल्या?”

त्याने खुंटीवरच्या युनिफॉर्मच्या खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. तिच्या चिमटीत त्या येईनात. तो पुढे झाला.

“हात लावू नका.”

दुसऱ्यांदाही निसटल्या. तिसऱ्यांदा तिने तळव्याने त्या टेबलाच्या कडेपर्यंत ओढल्या आणि खाली दुसऱ्या हाताची ओंजळ धरली. किल्ल्या आत पडल्या.

“ड्युटीला अजून तास आहे ना? बसा. त्या खाचेच्या सुया मिळेपर्यंत रोज दहा सुया ओवून द्यायच्या.”

“मला कुठे जमतंय?”

“एवढं बसचं धूड गल्लीतून काढता, दोरा निघत नाही?”

सातव्या सुईला त्याच्या बोटातून रक्त आलं.

“अंगुस्तान घाला,” ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.