आत राहिलेलं मूळ

अरे, ऐका तर! युद्ध नुकतंच संपलेलं, आणि आपल्या नगरात दातांच्या चार डॉक्टरांनी मिळून संघ काढला. प्रभुदास डॉक्टर तेवढा गेला नाही. म्हणायचा, "रविवारी जमून चहा ढोसायचा नि बढाया मारायच्या, मला काय गरज?"

तर त्यानं राहुरीच्या मुक्ताबाईची दाढ काढली, आणि मूळ आतच तुटलं! कोरकोर कोरलं, निघेना. तरी तिला म्हणाला, "सगळं निघालं, मावशी."

आठवड्यानं बाई परत, गाल टम्म सुजलेला, तोंड जेमतेम उघडतंय. प्रभुदासची परत हात लावायची हिंमत होईना. शेवटी टांग्यात बसवून तिला थेट पारनाईक डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं, रविवार होता, संघाची बैठक तिथंच भरायची.

दारातच थबकला. आत म्हातारे पारनाईक सांगत होते, "परवा माझ्या हातनं किडका सोडून चांगला दात उपटला गेला. कुठं चुकलो, सांगा." संघाची रीतच ती, ज्याचं बिघडलं त्यानं आधी बोलायचं!

ते वळले. "या डॉक्टर. काय झालं?"

प्रभुदासचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मूळ आत राहिलं. यांना मी सांगितलं नाही."

"आँ? समदं निघालं म्हनालात की!" मुक्ताबाई ओरडली.

कुणी हसलं नाही, रागावलंही नाही. तेच त्याला जास्त लागलं. पारनाईक मूळ काढायला लागले. प्रभुदास बत्ती धरून उभा, पण मान खाली.

मुक्ताबाई मधेच चूळ थुंकून म्हणाली, "वर बगा की, दाक्तर! कसं काडत्यात त्ये बगितलं, तर फुडच्या बाईचं तरी नीट काडाल."