मास्तरांनी निवडलेली खोली

मास्तरांच्या मते ते दारुडे नव्हतेच. दारुडा म्हणजे गटारात पडणारा. मास्तर आजवर फक्त जिन्यात पडले होते, आणि तोही स्वतःच्या घरचा जिना. तीस वर्षं शिवणयंत्रावर पाठ मोडलेला टेलर संध्याकाळी जरा घसा ओला करतो, एवढंच! पण मुलीला सांगतो कोण? नर्स झाल्यापासून तिला जगातले सगळे रोग बापातच दिसायला लागले होते. तीन महिन्यांपूर्वी ती आईला घेऊन वेगळी राहायला गेली आणि बापाचा फोन उचलायचा नाही म्हणजे नाही. सोमवारी निरोप पाठवला तोही केवढा? शाळेचा पत्ता, गुरुवार, सहा वाजता, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग. 'जाऊन आलात की मगच फोन करा.'

"बघा, पोटची पोर बापाला शाळेत घालते!" मास्तर शेजारच्या इस्त्रीवाल्यापाशी करवादले. रोज चारदा फोन लावणारा हा माणूस रुसून बसला आणि सोमवारपासून त्यानं फोनला हात लावला नाही. पण घर खायला उठत होतं आणि पोरीचा आवाज ऐकायला जीव तडफडत होता, हे काही त्यांनी इस्त्रीवाल्याला सांगितलं नाही. बेत सोपा होता. जायचं, मागच्या बाकावर पाच मिनिटं टेकायचं, बाहेर येऊन फोन लावायचा.

गुरुवारी निघाले. दाढीबिढी करून, सकाळपासून थेंबही न घेता. दुपारचा अर्थात धरायचा नाही.

शाळेत ना पाटी, ना बाण. सगळं गुप्त ठेवतात म्हणे. इतकं गुप्त, की येणाऱ्यालाही सापडू नये! शेवटी मास्तरांनी तोंडावर रुमाल धरून शिपायाला गाठलं. "ती सहाची मीटिंग... आमच्या एका मित्राला हवी होती."

शिपायानं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "मित्राला सांगा, वर जा. शेवटच्या दोन खोल्या." आणि तो पुन्हा फरशी पुसायला लागला.

वर दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडी. पहिल्या खोलीत हशा उसळला होता. कडक इस्त्रीचे शर्ट, तुळतुळीत दाढ्या, हातात चहाचे कप. एकजण काहीतरी किस्सा सांगत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. विमा एजंट, मास्तरांनी ओळखलं. दुसऱ्या खोलीत आठ-दहा बायका-पुरुष गप्प बसलेले. मास्तरांचा डोळा म्हणजे चालतीबोलती मापाची टेप. खांदे उतरलेले, कपडे अंगावर दोन-दोन इंच ढिले झालेले, तुटल्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन, डोळ्यांखाली काळं. "हेच ते! काय दशा करून घेतलीय मेल्यांनी! आणि आमची पोर मला यांच्या पंगतीला बसवते." मास्तर ऐटीत आत शिरले. बायकाही पितात हे पाहून तर त्यांना फारच बरं वाटलं.

चष्मा लावलेली एक बाई बोलत होती. "मी बाबांचा फोन उचलत नाही. लोक म्हणतात, काय दगड आहे! पण वाजतो तेव्हा हातात घेऊन बसते हो मी. बंद झाला की सुटल्यासारखं वाटतं. म्हणजे आज तरी जिवंत आहेत. एखाद्या दिवशी वाजलाच नाही, की मग काही सुचत नाही."

मास्तर चपापले. ही पिणारी नव्हती. इथं कोणीच पिणारं नव्हतं. ही सगळी पिणाऱ्यांच्या घरची माणसं होती.

उठून सटकावं, तेवढ्यात समोरच्या आजोबांनी हेरलं. "नवीन दिसता. तुमच्या घरात कोण पितं?"

मास्तरांच्या जिभेवर मेहुणा तयार होता. बिचारा खोकल्याचं औषधसुद्धा घाबरत घेणारा, पण अडीअडचणीला मेहुणा नाही कामाला यायचा तर कोण? मास्तरांनी तोंड उघडलं. चष्मेवाली बाई त्यांच्याकडेच बघत होती.

"मी," मास्तर म्हणाले. "घरात आता मी एकटाच आहे. मीच पितो."



"मग तुमची खोली शेजारची," आजोबा म्हणाले.

"ते विमा एजंट?"

खोली खो खो हसली. कोणी डोळे पुसले, कोणी बाक बडवला. मास्तरांचे कान लाल झाले. ते दारापर्यंत गेले आणि वळले.

"बाई, माझी मुलगी नर्स आहे. मी सोमवारपासून फोन केलेला नाही. तिनंच नको म्हणून सांगितलंय."

"सांगणारच ती." बाईंचं हसू मावळलं होतं. "आणि तिकडं अपघात विभागात येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघत असेल."

मास्तरांनी तिथंच, दारात उभं राहून फोन लावला. दोनदा नंबर चुकला. घंटी वाजली. वाजत राहिली. मग ती आपोआप बंद झाली.

"नाही उचलला," मास्तर म्हणाले.

"कळलं तिला," बाई म्हणाल्या. "आता जा शेजारी."