शास्त्रीबुवांची दुसरी पेटी

मी एक जुनी पेटी आहे.

नाही. पुन्हा सांगते. मी एक जुनं खुराडं आहे. पण मित्रांनो, पेटीसारखं बोलण्याची सवय अजून गेलेली नाही.

कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं, त्या साली काशीतल्या एका सुताराने आंब्याच्या एकाच ओंडक्यातून दोन पेट्या केल्या. एक ती. एक मी. रामघाटावर यज्ञेश्वरशास्त्र्यांच्या घरी आम्ही दोघी एकाच दिवशी आलो. तिच्यात शास्त्रीबुवांच्या वडिलांनी हाताने लिहिलेल्या पोथ्या ठेवल्या. माझ्यात तांदूळ.

तिला रोज गंध, फूल, तुळशीचं पाणी. माझं नुसतं झाकण आपटायचं. संध्या आटोपली की शास्त्रीबुवा तिच्या झाकणावर तळहात ठेवत. तो तळहात मी वीस वर्षं पाहिला. मी जळत होते. तिला तडा जावा, असं रोज मनात म्हणत होते.

तिला उघडत मात्र कोणीच नसे. शास्त्रीबुवांना सगळं मुखोद्गत होतं.

मग कोंबडी आली.

अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नीने, मला धुऊन गच्चीवर उन्हात उघडी ठेवली होती. शेजारच्या छपरावरून कोंबडी उतरली, माझ्यात बसली आणि अंडं घालून मोकळी झाली.

“अगं बाई, अंडं! अंबिके, घेऊन जा तुझी कोंबडी! आणि ही पेटीपण ने, आता घरात नको!”

“पेटी भी?” खालच्या गल्लीतून नावाड्याची बायको अंबिका मल्लाहीण हसली. “तब तो मुर्गी रोज भेजूँगी, माईजी!”

पोथ्यांच्या पेटीत का नाही बसली ती कोंबडी? बसणार कशी! तिला कुलूप होतं.

अंबिकेच्या जुन्या खुराड्यात कोंबड्या किड्यांनी मेल्या होत्या. तीनच उरल्या होत्या. तिने माझ्या पुढच्या फळीला भोकं पाडली. नवरा नावेच्या भेगा बुजवतो तसा माझ्या प्रत्येक सांध्यात सुताचा पीळ ठोकला, वर गरम राळ ओतली. “दरार में ही कीड़ा बैठता है,” ती पुटपुटायची. मग चुन्यात निंबोळीचं तेल घालून आतून कोपरा न् कोपरा रंगवला. वाळू दिला. पुन्हा रंगवला. दर दिवाळीनंतर हेच. तीन कोंबड्यांच्या अकरा झाल्या.

आणि मी? मी अजून त्या पेटीच्या फुलांचाच विचार करत होते.

आठ वर्षांनी एका सकाळी ती दिसली. हमालाच्या डोक्यावर, मागे शास्त्रीबुवा आणि अन्नपूर्णाबाई. गंगेत सोडायला चालले होते. आमच्या दारापाशी हमालाने तिला टेकवली आणि तिचा तळ गळून पडला. आत माती. वाळवी. रोजचं फुलांचं पाणी सांध्यांतून आत झिरपत राहिलं होतं.

ज्या पाण्यासाठी मी जळले, तेच पाणी.

“गुरुजी, भीतर कभी चूना नहीं लगाया?” अंबिकेने विचारलं.

“कालपर्यंत कधी उघडलीच नाही गं. पाठ आहे मला सगळं.” शास्त्रीबुवांनी छातीशी एक बासन धरलं होतं. “पण बाबांचं अक्षर कुठून आणू? वाळवीतून एवढी एकच पोथी बचावली. हिच्यासाठी नवी पेटी करायची आहे. तू आत काय लावतेस, ते दाखव.”

बासन पत्नीच्या हाती देऊन ते माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी हात आत घातला. पार कोपरापर्यंत.

“अहो! कोंबड्यांचं आहे ते!”

“असू दे. मग बुडी मारतो.”

एका कोंबडीने त्यांच्या बोटाला चोच मारली. त्यांनी हात काढला नाही. माझे सांधे चाचपले, तळ चाचपला. “गुळगुळीत आहे,” म्हणाले.

ती पाण्यात गेली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यांच्याकडे आता नवी पेटी आहे म्हणे. शास्त्रीबुवा स्वतः तिला आतून चुना देतात, दर महिन्याला उघडून बघतात. हो, तिचाही मला हेवा वाटतो.

मित्रांनो, ज्या वस्तूला तुम्ही रोज फूल वाहता, तिचं झाकणही कधी उघडा. तळाला हात लावून पाहा. माझ्या तळाला तो हात एकदा लागला. तिच्या तळाला कधीच लागला नाही.