खुराची चीर

बिल आलं सदतीस हजार चारशे रुपयांचं. मी ते तीनदा वाचलं. एखादं शून्य जास्त पडलं असेल म्हणून ब्लॉग ठेवणाऱ्या कंपनीला फोन लावला, तर पलीकडचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचं पान फारच लोकप्रिय झालंय. अभिनंदन!" आग लागो त्याच्या अभिनंदनाला.

माझे बाबा, शालिकराम, अकोल्यात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवतात. त्या वर्षी दुष्काळात गावोगावचे खरे बैल बाजारात गेले, तरी पोरांना दोरी धरून ओढायला लाकडी बैल लागतोच. पण गिऱ्हाईक प्लास्टिककडे वळलं होतं, म्हणून मी ब्लॉग काढला आणि बावीस बैलांचे फोटो टाकले. फोटो लहान करून टाकायचे असतात, हे मला ठाऊक होतं. बाबा अडून बसले. "गिऱ्हाइकाले बैल हातात घेता येत नाई. मंग फोटोत तरी खुराची चीर दिसली पायजे!" ती चीर ते पटाशीने अगदी शेवटी पाडतात आणि तिच्यावरूनच आपला बैल ओळखतात. मी मूर्खासारखे कॅमेऱ्यातले मोठेच्या मोठे फोटो चढवले. कोणी पान उघडलं की फोटो आपल्या खर्चाने त्याच्याकडे जातात, आणि ठरल्या मापापलीकडे वेगळे पैसे पडतात, हे कराराच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं. ते कोण वाचतं?

महिनाभरात आठ हजारांहून जास्त वेळा ते पान उघडलं गेलं. बाबा रोज संध्याकाळी भुसा झाडत विचारायचे, "आज किती आले वं?" मी आकडा सांगायची आणि ते गल्लीभर सांगत सुटायचे. ऑर्डरी मात्र तीनच आल्या. तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

आठ दिवसांत पैसे भरले नाहीत तर ब्लॉग बंद, आणि पोळा पंधरा दिवसांवर. घरात होते ते बाबांसाठी लाकूड कातायचं खराद यंत्र घ्यायला साठवलेले चाळीस हजार. साठीतही ते बैलांची चाकं हाताने घासत होते, दुखरा खांदा दाबत.

हे आठ हजार लोक आले कुठून, ते विचारायला मी मुजम्मिलकडे गेले. त्याचं नेट कॅफे आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. लहानपणी त्याला पहिला बैल बाबांनीच दिलेला. आत पाऊल टाकलं आणि थिजलेच. सहाच्या सहा कॉम्प्युटरांवर बाबांचे बैल हळूहळू वरून खाली उतरत होते.

"हे काय?"

"सरप्राइज, ताई!" तो खुशीत म्हणाला. "नेट उघडलं का पयले काकाचे बैल. माह्याच कॅफेत नाई, अमरावती, दर्यापूर, थेट धारणीपर्यंत बारा जागी लावून ठेवलं. काकाचं नाव झालं पायजे!"

"आन गिऱ्हाईक उठल्यावर?"

"कॉम्प्युटर कोरा करतो ना. नियमच हाय आपला."

म्हणजे दर गिऱ्हाइकाला बावीस फोटो नव्याने! लोक रेल्वेचं तिकीट काढायला बसत होते आणि आमचा खिसा कापला जात होता. मी वाट्टेल ते बोलले. आकडा ऐकून मुजम्मिलने गल्ला उघडून पाहिला. "मी भरतो, ताई," म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझीच लाज वाटली. सहा जुन्या कॉम्प्युटरांवर काय भरणार होता तो?

त्याने बाराही ठिकाणी फोन करून पान काढायला लावलं. मी खरादाचे पैसे भरले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते चाक घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी फोटो लहान करायला बसले. संध्याकाळी बाबांनी भुसा झाडला.

"आज किती आले वं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "अकरा," मी म्हणाले.

"मुजम्मिलचे?"

"नाई. आपल्या मनानं आलेले."

बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले. लहान केलेल्या फोटोत खूर म्हणजे नुसता काळा ठिपका दिसत होता. ते वाकून जवळून पाहू लागले.

"अकरा जणं खरंच पाह्याले आले," ते म्हणाले, "आन तू त्याइले चीर दाखोत नाई?"

मला रडू फुटलं. एकवीस फोटो लहान केले. बाविसाव्यातला नुसता खूर कापून घेतला आणि तो मोठाच ठेवला, चीर दिसेल असा.