संत मार्टिनची अटक

"तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पण आमच्या गावानं गिलोटिनखाली एक लाकडी संत देऊन बारा जीव वाचवले, आणि ती अक्कल माझी," म्हातारा मातुरँ म्हणाला.

"मातुरँबाबा, मागच्या खेपेला तो संत दगडाचा होता," पिंपं बनवणारा ग्रेगोआर म्हणाला. गुत्त्यात हशा पिकला.

"तू गप पी."

"राजाला मारलं त्याच्या पुढचं वर्ष. क्रांती आम्हाला हवीच होती. जमीनदाराची कबुतरं आमचं पेरलेलं टिपायची, ती संपली तेव्हा सगळा गाव नाचला होता. मग पाळत समिती बसली. आम्ही बारा जण, क्रांतीच्या लाल टोप्या घातलेले. लिहिता येणारा मी एकटा, म्हणून चिटणीस. जिल्ह्याचा हुकूम आला: क्रांतीच्या शत्रूंची यादी पाठवा. आम्ही कळवलं, इथे शत्रू नाहीत. उत्तर आलं: शत्रू सापडत नसतील, तर समितीच शत्रूंची असली पाहिजे.

"यादीत एक तरी नाव हवं होतं. दुपारभर कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. सगळी भली माणसं हो, पण प्रत्येकाच्या मनात शेजारच्या कुणाचं तरी नाव आलं होतं. माझ्याही.

"म्हणून मी आमच्या देवळातल्या, घोड्यावरून भिकाऱ्याला आपला झगा कापून देणाऱ्या लाकडी संत मार्टिनचं नाव लिहिलं: नागरिक मार्टिन, मुक्काम देऊळ. परक्या बादशहाच्या फौजेत होता. घोडा बाळगतो. भिकाऱ्याला झगा दिला तोही अर्धाच, अर्धा स्वतःला ठेवला!"

ग्रेगोआर हसता हसता ठसकला.

"शिपाई आले, मूर्ती गाडीत घालून घेऊन गेले. न्यायाधीशानं विचारलं, काही सांगायचंय? संत गप्प. म्हणजे गुन्हा कबूल. पातं पडलं आणि ओक झाडाच्या कठीण लाकडात असं रुतलं, की महिनाभर निघेना. त्या महिन्यात जिल्ह्यात एकही माणूस मेला नाही!"

गुत्तेवाली तोआनेत सुरई भरायला आली होती. ती भरलीच नाही तिनं.

"मातुरँकाका, दरवर्षी ऐकते मी हे. इतकी वर्षं गप्प बसले. गाडीमागून पुलापर्यंत मी धावले होते. त्या गाडीत लाकूड नव्हतं, माझा नवरा ब्लेझ होता. आणि त्याचं नाव तुम्ही लिहिलंत."