तांबेरा न होणारं वाण

संशोधन केंद्रातल्या बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालून कॉफीचं एक वाण तयार केलं होतं. इतर झाडांची पानं तांबेरा रोगाच्या नारिंगी भुकटीने माखून गळत, हे मात्र हिरवंगार. संचालक त्याचं असं कौतुक सांगत, की झाड त्यांच्याच पोटी जन्मलंय असं वाटावं.

मंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण होतं, त्या सकाळी बाईंनी सवयीने एक पान उलटलं. खाली नारिंगी ठिपके! शेजारच्या झाडावरही तेच. बाई तडक संचालकांकडे गेल्या.

"साहेब, बुरशीने रूप बदललंय. आपलं वाण तिला पचायला लागलंय."

"आजच?" संचालक खेकसले. "मांडव पडलाय, पाहुणे निघालेत. ठिपकेवाली पानं तोडून टाका!"

तोडता तोडता झाडांचे खराटे झाले.

"पानं कुठायत?" मंत्र्यांनी विचारलं.

"हीच तर कमाल, साहेब!" संचालक म्हणाले. "पानच नाही, तर तांबेरा बसणार कुठे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्याच रांगेत बाईंचे धाकटे दीर हात दुखेस्तोवर टाळ्या पिटत होते. वहिनीचं वाण लावायचं म्हणून त्यांनी आपल्या मळ्यातली कॉफीची जुनी झाडं उपटायला घेतली होती. त्यांना बघून बाईंना राहवेना. त्यांनी माईक ओढला.

"या झाडांना तांबेरा झालाय. पानं आम्ही सकाळी तोडली. सगळ्या मळ्यात हे एकच वाण लावू नका."

संचालकांनी अलगद माईक काढून घेतला. "बघा! एवढं यश मिळालं, तरी केवढा हा विनय!"

या खेपेला टाळ्या आणखी जोरात पडल्या.

दीर मात्र गर्दीतून वाट काढत आले. "वहिनी, विनय राहू द्या. खरं काय?"

"खरं तेच सांगितलं, भाऊजी."

दिरांनी तिथूनच मळ्यावर फोन लावला आणि ते ओरडले, "थांबा! एकाही झाडाला हात लावू नका!" तोवर मळ्याचा अर्धा उतार बोडका झाला होता.

पुढे कितीतरी दिवस ते वहिनींशी बोलले नाहीत. संचालकांना बढती मिळाली, वाण गावोगाव गेलं, आणि त्याच्यामागोमाग तांबेराही. मग एका रविवारी बाई वेगवेगळ्या वाणांची रोपं घेऊन मळ्यावर गेल्या. दिरांनी कुदळ उचलली आणि पहिला खड्डा खणायला घेतला.